तारेपाशी कोण येऊन राह्यलं

त्या दोघांना नेमकं काय म्हणायचं, हे शेवटपर्यंत कुणाचं ठरलं नाही. बाबा त्यांना नुसतं 'जनावरं' म्हणत. वर्ध्याहून येणारे साहेब लोक 'संकरित' म्हणत, आणि तो शब्द ऐकला की मला कपाशीचं बियाणं आठवे. खालच्या गावातले लोक 'भेसळ' म्हणत आणि म्हणताना बाजूला थुंकत. एकटी कमलाबाई त्यांना नावानं हाक मारायची, बादल आणि चमेली. माझी माय कितीतरी दिवस कुठलंच नाव तोंडात घेत नव्हती. "त्याहीचं खाणं आलं काय?" "आज त्याहीनं आवाज काऊन नाई केला?" असं, नकोशा पाहुण्यांबद्दल आतल्या खोलीत बोलावं तसं ती बोले.

बाप वाघ आणि आई सिंहीण. सर्कशीत शेजारीशेजारी वाढलेल्या त्या दोघांची ही पोरं. रंग वाळल्या कडब्याचा, आणि त्यावर पट्टे असे की कुणीतरी ओल्या फडक्यानं पुसायला घेतले आणि मधेच सोडून दिले. बादलच्या मानेला थोडे लांब केस होते, पण त्याला आयाळ म्हणावं इतके नव्हते. चार-आठ दिवस दाढी न केलेल्या माणसासारखा तो दिसे. दिसण्याचं एक वेळ चाललं असतं. खरी पंचाईत आवाजाची होती. आमच्याकडच्या माणसांना वाघाचा आवाज पाठ होता. तो ऐकून ते बैल आत बांधत, दार लावून घेत आणि झोपत. त्यात भीती होती पण संशय नव्हता. यांचा आवाज सुरू व्हायचा वाघासारखा, मग मधेच घसा बदलल्यासारखा घरघरत, तुटत तुटत जमिनीत उतरायचा. "हे वाघाचं नाई," म्हातारी माणसं म्हणायची, "हे दुसरंच काई हाये." माहीत नसलेल्या गोष्टीची भीती वेगळी असते. ती दार लावून जात नाही.

ते आले कसे, तर पुलगावच्या रस्त्याला एका पडीक वावरात सर्कस उतरली होती, ती तिथंच मोडली. मालक एका पहाटे निघून गेला आणि तंबू, माणसं, जनावरं सगळं मागं राहिलं. मग वनखात्यानं जनावरं ताब्यात घेतली. अस्वलाला जागा मिळाली, वाघाला मिळाली, पण या दोघांना कोणी घेईना. प्राणिसंग्रहालयवाले म्हणत, वाघ असेल तर पाठवा, सिंह असेल तर पाठवा. शेवटी आमच्या अभयारण्यात, धरणाच्या अलीकडे, जखमी हरणांसाठी बांधलेला जाळीचा वाडा होता, त्याला आणखी एक जाड जाळी मारली, मागं दोन पक्क्या खोल्या काढल्या आणि त्यांना 'तात्पुरतं' तिथं आणून सोडलं. माझे बाबा तिथले नाकेदार, म्हणजे जंगलाच्या त्या तुकड्याचे राखणदार. आमचं क्वार्टर वाड्यापासून हाकेच्या अंतरावर. तात्पुरतं हा सरकारी शब्द किती लांबू शकतो, हे मी तेव्हा शिकले.

मी तेव्हा मॅट्रिक होऊन घरी बसले होते. नर्सिंगला जायचं की लग्न करायचं, यावर घरात अधूनमधून बोलणं निघे आणि भांड्यांच्या आवाजात बुडून जाई. आमचं घर म्हणजे दोन खोल्या, पुढं पडवी, मागं अंगण, अंगणात मायची चूल. माय नाचणगावची. पुलगावच्या अंगाला, रेल्वेची शिटी ऐकत वाढलेली. जंगलातली बदली तिनं कधी मनापासून मान्य केली नाही. सकाळी ज्वारीच्या भाकरी थापताना ती जंगलाकडं पाठ करून बसायची. भाकरीसोबत कधी चून म्हणजे पिठलं, कधी आंबाडीची भाजी, थंडीत तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी. त्या आमटीला जो वास सुटायचा तो मला आजही नागपूरच्या या फ्लॅटमध्ये, चौथ्या मजल्यावर, कारण नसताना येतो. आणि वासाचं म्हणाल तर मायचं नाक म्हणजे पोलीस खातं होतं. दूध आलं की हुंगायची. आंजीच्या बाजारातून आणलेलं तेल हुंगायची. बाबा वाड्याकडून आले की त्यांचा सदरा खुंटीवरून काढून, कुणी पाहत नाही असं समजून, हुंगायची.

तो सदरा हुंगायचं कारण कमलाबाई होती.

जनावरांबरोबर सर्कशीतून ती एकटी आली, कारण ती दोघं दुसऱ्या कुणाच्या हातचं खाईनात. चाळिशीची असेल. साडीवर पुरुषी सदरा घालायची, बिडी ओढायची, आणि कुणाशी बोलताना जमिनीकडं न बघता सरळ तोंडाकडं बघायची. तिची आई अमरावतीकडची होती म्हणे, त्यामुळं बोली आमचीच, पण मधेमधे हिंदी आणि आणखी कुठलेकुठले शब्द. वाड्याच्या मागं पत्र्याची खोली होती, त्यात ती राहायची. लग्न झालं होतं की नाही, ते ती सांगत नसे. एवढं मायला पुरेसं होतं.

"कोठची हाये, कोणाची हाये, काईच ठिकाण नाई," माय म्हणायची. "जे बाई वाघाच्या तोंडात डोकं घालते, तिले माणसाच्या घरात शिराले कितीक वेळ लागते?"

"माय, ती डोकं नाई घालत. ते सर्कशीतला मास्तर घालत होता."

"तुले कोणं सांगतलं? तिनंच ना?"

खरं सांगायचं तर मलाही कमलाबाईचा पत्ता लागत नव्हता. ती माझ्याशी छान बोलायची, मला बादलची बाटलीनं दूध प्यायची गोष्ट सांगायची. पण सकाळी लवकर मी पाणी भरायला उठले की ती जाळीशी बसलेली असे, अंगावर घोंगडी घेऊन, आणि मला पाहिलं की घाईनं उठे. इतक्या थंडीत, फटफटायच्या आधीपासून तिथं बसून ही काय करते? मी एकदा विचारलं. "झोप नाई येत मले," म्हणाली. पण दुपारी बाराला ती मेल्यासारखी झोपलेली असायची.

त्या हिवाळ्यात चमेलीचा आवाज वाढला. पहाटे आणि तिन्हीसांजेला ती जाळीला अंग घासत येरझारा घालायची आणि लांब, ओढून ओढून ओरडायची. बादल कोपऱ्यात कान पाडून पडून राहायचा. खालच्या गावातली कुत्री त्या आवाजानं वेडी होत. गावातल्या बायका धरणावर धुणं धुवायला यायच्या बंद झाल्या. मग बोलणी सुरू झाली. कुणाची शेळी गेली, कुणाचं वासरू बावरून दावं तोडून पळालं. कुणी म्हणे, ती सर्कशीची बाई दार उघडते त्याहीले फिराले. कुणी म्हणे, नाकेदाराले सारं माहीत हाये. रस्त्यात भेटले की हीच माणसं बाबांना "काय जी, बरं हाये ना?" विचारायची, आणि बाबा पुढं गेले की पाठीकडं बघत उभी राहायची. मी मागून चालत असायची, म्हणून मला ते दिसायचं.

आणि एक गोष्ट मला एकटीला माहीत होती. एकदा भल्या सकाळी मी चुलीसाठी काटक्या गोळा करायला गेले, तर बाबा वाड्याच्या बाहेरच्या अंगाला वाकून, तुराटीच्या खराट्यानं जमीन झाडत होते. जंगलात जमीन कोण झाडतं? मी पळसाच्या आड थांबले. बाबांनी आदल्या संध्याकाळी तिथं चुलीची राख पसरून ठेवली होती, आणि त्या राखेवर पंजे उमटले होते. मोठे, गोल, ताजे. जाळीच्या बाहेर. बाबांनी ते सगळे पुसले, मग दरवाजाशी जाऊन कुलूप दोनदा ओढून पाहिलं, आणि घरी येऊन मुकाट्यानं चहा प्यायले. मला त्यांच्या हाताकडं बघवेना. म्हणजे गाव म्हणतं ते खरं? जनावरं बाहेर जातात, आणि माझे बाबा मागून खुणा पुसतात?

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सिंधूकाकूची गाय गेली.

सिंधूकाकूचं वावर नाल्यापलीकडं, आमच्या क्वार्टरला लागून. शेती सगळी तीच बघायची. नवरा साधा, तोंडातून शब्द न निघणारा. तिची गाय गाभण होती, पाचटाच्या गोठ्यातून ओढून नाल्यात नेऊन मारलेली सापडली. सकाळी अख्खं गाव आमच्या अंगणात. सिंधूकाकू पुढं. तिचा आवाज एरवी दोन वावरं ओलांडून ऐकू यायचा, पण त्या दिवशी ती हळू बोलत होती, आणि ते जास्त भयंकर होतं.

"नाकेदार, तुमच्या भेसळीनं माही गाय खाल्ली."

"सिंधूबाई, हे जनावरं वाड्याबाहीर जात नाई," बाबा म्हणाले. "आन गेले तरी मारू शकत नाई. सर्कसवाल्यानं लहानपणीच नखं काढून टाकले त्याहीचे. दोघाहीचे. दातबी घासले हायेत. त्याहीले आपण तुकडे करून देतो तवा ते खातात."

गर्दीतून कुणीतरी हसलं. "नखं नाई म्हणते! नाकेदार नोकरी वाचवून राह्यला."

"कमलाबाईले इचारा."

"तिले काय इचारता? तिचंच तर हाये सारं."

"मंग तुम्हीच या ना जी," कमलाबाई मागून म्हणाली. "धरा पंजा हातात, पाहा."

जिवंत जनावराचा पंजा हातात कोण धरणार? कुणी पुढं आलं नाही. सिंधूकाकू बाबांकडं टक लावून बघत राहिली आणि म्हणाली, "तुमच्या पोरीची शपथ घेऊन सांगा, ते कधीच बाहीर येत नाई म्हणून." बाबांनी माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. गावाला जे पाहिजे होतं ते मिळालं. माणसं निघून गेली.

त्या संध्याकाळी चुलीपुढं बसून मी मायला सांगून टाकलं की बाबा सकाळी उठून पावलं पुसतात. मला वाटलं, ती घाबरेल. तिच्या हातातला तवा तसाच राहिला. डोळे बारीक करून म्हणाली, "पावलं? कोणाची पावलं?"

"पंजे माय, जनावराचे."

"तू लहानी हायेस. पंजे कोण पुसते? पावलं पुसते माणूस." आणि पत्र्याच्या खोलीकडं बघून ती म्हणाली, "उद्या मले उठवजो. अंधार असन तरी उठवजो."

तेव्हा दुसऱ्या दिवशी फटफटायच्या सुमारास मी आणि माझी माय, तिच्या नवऱ्याला पकडायला, वाड्याजवळच्या सरकारी विश्रामगृहाच्या पाण्याच्या टाकीमागं दडून बसलो होतो. आज हे लिहिताना मला हसू येतं, तेव्हा नव्हतं आलं. थंडी अशी की दात वाजत होते. माय पदराचा बोळा तोंडात धरून बसली होती. हळूहळू जाळीची उभी रेघ दिसायला लागली, मग जाळीशी बसलेली कमलाबाईची घोंगडी. बाबांचा पत्ता नव्हता. चमेली आत जाळीला लागून पडली होती, पण आज ओरडत नव्हती. नाकातून फुर्र फुर्र असा मऊ आवाज काढत होती, गाय वासराला काढते तसा. मला वाटलं, कमलाबाईशीच बोलते. आणि तेवढ्यात तिच्यासमोर, बाहेरच्या जाळीपलीकडं, रानतुळशीचं झुडूप हललं आणि उठून उभं राहिलं.

तो वाघ होता. भेसळ नव्हे, पुसट नव्हे. जंगलचा, लालभडक, काळ्या पट्ट्यांचा, खांदे हलवत चालणारा वाघ. तो जाळीशी आला, चमेलीच्या तोंडासमोर तोंड नेलं आणि त्यानंही तोच आवाज काढला, फुर्र फुर्र. दोघांमध्ये दोन जाळ्या आणि हातभर जागा. कमलाबाई त्यांच्यापासून बैलगाडीच्या लांबीइतकी दूर असेल. जागची हलली नाही. मायनं माझा दंड असा धरला होता की पुढं कितीतरी दिवस तिथं वळ होता. उजेड वाढला तसा तो वाघ मागं फिरला आणि धरणाच्या अंगाला, नाल्यात उतरून गेला.

माय उठली. ती सरळ कमलाबाईपुढं जाऊन उभी राहिली. "हे कधीपासून चालू हाये वं?"

कमलाबाईचा चेहरा उतरला. "झाले बरेच दिवस. चमेली माजावर आली हाये. ते बोलावते, हा येते."

"आन तू सांगतलं काऊन नाई? गाव आमचं घर जाळाले निंगालं हाये!"

"सांगतलं असतं त काय केलं असतं तुम्ही? साहेबानं चमेलीले उचलून कोठीतरी पाठवलं असतं. बादल तिच्याबिगर घास नाई घेत. दोघंबी मेले असते, बाई." मग तिनं मायकडं पाहिलं. "मले आणखी कोण हाये?"

माय तशीच मागं फिरली. घरी आली, बाबांना उठवलं आणि सगळं सांगितलं. आपण तिथं कशाला गेलो होतो, ते सोडून. बाबा खाटेवर बसूनच राहिले. "मले वाटे, हेच जनावरं कोठून तरी बाहीर निंगून राह्यले," ते म्हणाले. "रोज कुलूप पाहो, रोज जाळी पाहो, काई समजे नाई. वाटे, कमला सोडते. वाटे, मलेच भूल पडली." इतके दिवस घरातलं प्रत्येक माणूस दुसऱ्या कुणावर तरी डोळा ठेवून होतं, आणि त्या डोळ्यांपुढून वाघ येऊन जात होता. बाबांनी चहासुद्धा घेतला नाही. रेंजर साहेबांना सांगायला सकाळच्या एसटीनं आर्वीला गेले.

माणूस नसलेलं घर गावाला लांबून कळतं.

दुपारी माय अंगणात वड्या घालत होती, मी मुगाचं वाटण करत होते. कमलाबाई झोपली होती. वाड्याकडं एकदम कावळे ओरडायला लागले. खाणं तर संध्याकाळी यायचं. मायनं मान वर केली, हात तसेच वाटणाचे, आणि चालायला लागली. मी मागं धावले. जाळीच्या आत बकऱ्याची एक अख्खी तंगडी पडली होती आणि बादल ती दोन्ही पंजांत धरून चाटत, चघळत होता. दुसरी तंगडी दोन जाळ्यांच्या मधे अडकली होती आणि चमेली तिला आतून पंजानं ओढू बघत होती.

"फुकटचं मटण कोणं टाकलं?" माय म्हणाली, आणि तिच्या नाकपुड्या फुलल्या. माझ्या नाकाला नुसता मांसाचा वास येत होता. "औषध हाये! कपाशीवर मारतात ते!" असं किंचाळून ती चिंचा पाडायची आकडी घेऊन आली. आजवर जी बाई जाळीच्या जवळपास फिरकली नव्हती, तिनं बाहेरच्या जाळीतून आकडी घातली, तंगडीत अडकवली आणि ओढायला लागली. पलीकडून चमेली ओढत होती. "सोड वं! सोड माय! मरशीन!" असं माय तिला ओरडून सांगत होती. मीही आकडी धरली. चमेली गुरकावली, जाळीवर धडकली, आणि त्या धडकेनंच तंगडी सुटून आमच्याकडं आली. माय पाठीवर पडली. तशीच पडल्या पडल्या म्हणाली, "कमलीले उठव."

कमलाबाई धावत आली. तिनं चमेलीला हाक मारून मागच्या खोलीत कोंडलं, आणि कुणाला काही न विचारता दार उघडून बादलकडं गेली. तोवर त्याच्या तोंडाला फेस आला होता. मायनं घागरभर पाण्यात मीठ कालवून दिलं, कमलाबाईनं ते त्याच्या तोंडात ओतलं. अर्धं बाहेर आलं. पाय ताठ झाले, ढिले पडले, पुन्हा ताठ झाले. कमलाबाई त्याचं डोकं मांडीवर घेऊन मला कधी न कळलेल्या कुठल्याशा भाषेत बोलत होती. जाळीबाहेर माय उभी होती. आम्ही दोघी रडत होतो आणि आत कोंडलेली चमेली दारावर अंग आपटत होती. संध्याकाळची एसटी यायच्या आधी बादल गेला.

दुसऱ्या दिवशी गाव आलं. मेल्याची खात्री करायला आलं, असं मला वाटलं, आणि आजही वाटतं. साहेब येईपर्यंत बाबांनी बादलला ताडपत्रीवर, कडुनिंबाच्या सावलीत ठेवलं होतं. बाबांनी वाघाची गोष्ट सांगितली. लोक ऐकत होते आणि एकमेकांकडं बघत होते. "आता मेला, तवा वाघ आला काय?" कुणीतरी पुटपुटलं. कमलाबाई रात्रभर बसून होती. ती उठली, गर्दीत शिरली, सिंधूकाकूचं मनगट धरलं आणि तिला ताडपत्रीपाशी आणून बसवलं. कुणी मधे पडलं नाही.

"तवा कोणी आलं नाई," कमलाबाई म्हणाली. "आता तो काई नाई करत. धर."

सिंधूकाकूनं हात आखडला, मग पुढं केला. बादलचा पंजा तिच्या दोन्ही तळव्यांत मावत नव्हता.

"दाब. मांजरीचा दाबतात तसा."

तिनं दाबला. एकेक बोट दाबून पाहिलं. जिथं नख बाहेर यायचं तिथं नुसता जुना, पांढरा वण होता. मग दुसरा पंजा पाहिला. मग तिनं स्वतःच त्याचा ओठ वर केला, आणि घासून बोथट केलेले दात पाहिले. गुरांत जन्म गेलेली बाई ती. तिला कुणी काही समजावून द्यायची गरज नव्हती. ती बराच वेळ पंजा मांडीवर घेऊन बसली. मग हळूच खाली ठेवला, लेकराचा हात अंथरुणावर ठेवावा तसा, आणि गर्दीकडं न बघता घरी गेली. तिच्यामागं एकेक करत सगळे गेले.

साहेब आले, बघून गेले. चमेलीला हलवायचं बोलणं पुन्हा 'तात्पुरतं' पुढं ढकललं गेलं. तो वाघ आणखी काही दिवस आला आणि धरणाचं पाणी आटायला लागलं तसा दुसरीकडं गेला. पण चमेलीनं अन्न सोडलं होतं. मागच्या खोलीतून बाहेर येईना. कमलाबाई आता कुणावरच विश्वास ठेवीना. आलेलं मटण आधी स्वतः हुंगायची, मग मायला हुंगायला लावायची, जिभेला लावून बघायची. चमेली तिकडं पाहतसुद्धा नव्हती. तिच्या बरगड्या मोजता येतील अशा दिसायला लागल्या.

अशात एका सकाळी सिंधूकाकू आमच्या अंगणात आली. हातात पितळी चरवी, वर पळसाचं पान झाकलेलं. "म्हशीचं हाये," ती म्हणाली. "आताच काढलं. लहानपणी बाटलीनं पेत होते म्हणतात, म्हणून आणलं."

कमलाबाईनं चरवीकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं. "घेऊन जाय."

"काई नाई त्यात."

"तंगडीतबी काई नोतं."

माय चुलीपासून उठली. आत जाऊन आमचं स्टीलचं फुलपात्र घेऊन आली, चरवीतलं दूध त्यात ओतलं आणि सिंधूकाकूपुढं धरलं. "पे."

आम्ही बौद्ध. सिंधूकाकू आमच्या अंगणातून रोज वावरात जायची, पडवीत टेकायची, पण आमच्या घरचं पाणी तिनं कधी घेतलं नव्हतं. का, ते कुणी कधी बोललं नव्हतं. मायच्या मनात तेव्हा ते होतं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. सिंधूकाकूनं फुलपात्राकडं पाहिलं, मायकडं पाहिलं. मग दोन्ही हातांनी ते घेतलं आणि न थांबता सगळं प्यायली. तोंड पदरानं पुसलं आणि जमिनीवर बसली.

मग आम्ही वाट पाहिली. सकाळच्या उन्हात तीन बाया आणि मी, एकीला काही होतं का, ते बघत. कमलाबाई तिच्या डोळ्यांत बघत होती. सिंधूकाकूही हलली नाही. मधेच माय म्हणाली, "तू टाकलं काय वं ते?"

"मी नाई टाकलं," सिंधूकाकू म्हणाली. "पण टाकतो म्हणे, तवा मी नोको नाई म्हणलं."

"कोण म्हणे?"

"ते नको इचारू. मले गावात राह्यचं हाये."

कमलाबाईनं बिडी पेटवली. बिडी विझली तेव्हा ती उठली, चरवी उचलली आणि वाड्याकडं गेली. आम्ही जाळीशी उभ्या राहिलो. तिनं दूध थाळ्यात ओतलं, चमेलीच्या खोलीचं दार सरकवलं आणि बाजूला झाली. बराच वेळ काहीच झालं नाही. मग ते पुसट पट्ट्यांचं डोकं दारातून बाहेर आलं, आणि थाळ्यात जिभेचा लप लप आवाज सुरू झाला. माय म्हणाली, "पेते वं चमेली." तिचं नाव मायच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

सिंधूकाकू रोज यायला लागली. चमेली हळूहळू मटणावर आली, तरी दूध चालूच राहिलं. रोज आधी मायचं फुलपात्र भरायचं, सिंधूकाकूनं प्यायचं, थोडं बसायचं, मग थाळं. ती चिडली नाही, हसली नाही. देवळात पायरी चढावी तसं ते दूध प्यायची. मी नर्सिंगला नागपूरला निघाले, त्याच्या थोडंच आधीची गोष्ट. त्या सकाळी सिंधूकाकू आली, नेहमीसारखी पडवीत बसली आणि फुलपात्रासाठी हात पुढं केला. कमलाबाईनं तिच्या हातातून चरवी घेतली आणि सरळ वाड्याकडं चालायला लागली.

"कावं," सिंधूकाकूनं मागून हाक मारली, "आज मले नाई पाजत काय?"

"नाई," कमलाबाई मागं न बघता म्हणाली. "उन्हं होऊन राह्यली. घरी जाय आता, तुह्या म्हशीचं रेडकू ओरडून राह्यलं असन."